सधन्यवाद मिळाले

यूट्यूबवर आमच्या गावच्या शिमग्याचा एक व्हिडिओ आहे. पुण्याच्या कुणा हौशी पोरानं मार्च २०२० मध्ये काढलेला. आधी सुरूचं बन, मग समुद्र, मग सारवलेलं खळं, एका म्हातारीचं बोळकं हसू आणि मग ढोल-सनई. पालखी खांद्यावर नाचत येते. साडेसातव्या मिनिटाला ती एका निळ्या दाराच्या घरासमोर येते, ढोल जरा हळू होतात आणि पालखी न थांबता पुढच्या अंगणात जाते. त्या पोराच्या ते ध्यानातही आलेलं नाही. मागून त्याचा आवाज येतो : इथल्या माणसांची एकी बघा, शहरात हे मिळणार नाही.

निळं दार आमचं. दाराच्या फटीत काही दिसतं का, हे मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलंय. दिसत नाही. पण आई तिथं उभी होती, ओटीचं ताट घेऊन. वर्षभरापूर्वीही अशीच उभी राहिली होती. पालखी येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ताट भरलं होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात मिटलंय आणि मिटवताना आम्हीही काही शब्द दिलेत. दक्षिण रायगड, समुद्रापासून पायी वीस मिनिटं, एवढं पुरे. वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी आहे. ती खोटी आहे असंही म्हणवत नाही. आमच्याकडे तंटा पोलीस ठाण्यापर्यंत जातच नाही, गावकीत मिटतो.

बाहेरच्यांना गावकी समजावून सांगणं अवघड जातं. ग्रामपंचायत वेगळी आणि गावकी वेगळी. ग्रामपंचायतीत सरकारचे पैसे येतात, गावकीत आमचे. घरटी वर्गणी, देवळाचा खर्च, सप्ता, पालखी, लग्नाला लागणारे टोप आणि सतरंज्या, सगळं गावकीचं. मुंबईत परळला गावची एक खोली होती, गिरणीत कामाला लागलेला प्रत्येक पोरगा आधी तिथं पथारी टाकायचा. माझे आजोबाही त्याच खोलीत राहिले. खोली गेली, पण मुंबई मंडळ राहिलं. मी डोंबिवलीत एका मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब लिहितो आणि मंडळाची वर्गणी मी कधीही चुकवलेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

२००३ च्या पावसाळ्यात बाबांना बांधावर फुरसं चावलं. रात्रीची वेळ, साकवावरून पाणी वाहत होतं, गाडी येणं शक्य नव्हतं. गावच्या बारा-चौदा जणांनी खुर्चीला बांबू बांधले, बाबांना त्यात बसवलं आणि आळीपाळीनं खांदा देत चिखलातून सात किलोमीटर नेलं. बाबा वाचले. बाबांच्या पायाला अजून ती काळपट खूण आहे. त्या बारा-चौदांमधले पाच जण पुढं आमच्या फिर्यादीत आरोपी झाले. हे वाक्य मी जबाबात घालू पाहत होतो, तर वकील म्हणाले, “याची गरज नाही.”

२०१९ ला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्याकडे उमेदवार वाड्यांच्या पाळीनं ठरतात आणि निवडणूक बिनविरोध होते. त्या वेळी वरच्या वाडीची पाळी होती. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की नळपाणी योजनेचं बिल निघालं, नळाला पाणी नाही, तर हिशेब दाखवा. ग्रामसभेत दोनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी त्यांनी अर्ज भरला. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी सकाळपासून चार माणसं आमच्या पडवीत बसून होती. आईनं दोनदा चहा दिला. तीन वाजून गेले, तेव्हा ती चार माणसं उठली आणि कप न विसळता गेली. आमच्याकडे पाहुणा कप विसळून पालथा घालतो. आईनं तेव्हाच ओळखलं.

बाबांना सत्तावीस मतं पडली. घरची मतं चार. उरलेली तेवीस कुणाची, हा प्रश्न गावाला पराभवापेक्षा, म्हणजे आमच्या पराभवापेक्षा, जास्त लागला.

चौथ्या दिवशी आरतीनंतर देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. बाबांना उभं केलं. गावाची माफी मागायची आणि पंचवीस हजार दंड भरायचा. बाबा म्हणाले, माफी कशाची ते सांगा. ते कुणी सांगितलं नाही. मग ठरलं ते तोंडी : या घराशी कुणी बोलायचं नाही, द्यायचं-घ्यायचं नाही, कार्याला जायचं नाही, यांना बोलवायचं नाही. जो बोलेल त्याला अकराशे रुपये. हात वर झाले. बाबांनी मला रात्री फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाले, “तू यंदा होळीला येऊ नको, गर्दी असते गाड्यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तांदळाचा डबा घेऊन चक्कीवर गेली. चक्कीवाला म्हणाला, “लाइट नाय.” पट्टा फिरत होता. त्याच्या भुवयांवर पीठ उडालेलं होतं. आई तशीच उभी राहिली, तर त्यानं पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, कारण चक्कीच्या आवाजात ऐकू जात नव्हतं.

हे ऐकून मला हसू आलं होतं. तेव्हा वाटलं होतं, आठ-पंधरा दिवसांची गोष्ट आहे.

वाळीत टाकणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दगडफेक येते, शिवीगाळ येते. आमच्या अंगावर कुणी धावून आलं नाही, घराची काचही फुटली नाही. दुकानात आई उभी राहिली, की दुकानदार तिच्या मागच्या गिऱ्हाइकाला विचारायचा, काय हवं? रिक्षावाला रिकामी गाडी घेऊन समोरून जायचा. लावणीला आमच्याकडे एकमेकांच्या शेतावर जायची रीत आहे, मजुरीचा प्रश्न नसतो. त्या वर्षी आमच्या खाचरात कुणी उतरलं नाही. गणपतीत भजनाची बारी घरोघरी फिरते, आमच्या घरी आरतीला तीन माणसं, त्यातलं एक आजी, जिला टाळ्या वाजवताना हात सापडायचा नाही. मला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. डोंबिवली स्टेशनवर गावचा एक जण रोज भेटायचा, तो पुढच्या डब्यात चढायला लागला. सगळ्यात वाईट म्हणजे माणसं तुमच्याकडे बघतात आणि त्यांची नजर तुमच्यातून आरपार मागच्या माडाकडे जाते. काही महिन्यांनी बाबा स्वतःशी मोठ्यानं बोलायला लागले. गुरांशी बोलतो म्हणायचे. गुरं आम्ही कधीच विकली होती.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मी चौथीत होतो तेव्हा गावकीनं आणखी एक घर वाळीत टाकलं होतं. कारण देवळाच्या जागेच्या बांधाचं होतं. त्या घरातला पोरगा माझ्या बाकावर बसायचा. त्या दिवसापासून मी दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेलो. मला कुणी शिकवलं नव्हतं, सगळेच करत होते. बैठकीत बाबांनीही हात वर केला होता. तीन वर्षांनी त्या घरानं दंड भरला, नारळ ठेवला आणि ते गावात परत आले. आमच्या वेळी नियम पाळण्यात सर्वांत कडक तेच घर होतं. माझा तो बाकावरचा मित्र आता गावकीचा खजिनदार आहे.

गावाच्या टोकाला, साकवापलीकडे बौद्धवाडी आहे. पालखी साकवापाशी वळते. त्यांना ती आता नकोच आहे, पण १९५६ च्या आधीही ती तिथूनच वळायची, असं आजी सांगायची आणि मी ते गोष्ट म्हणून ऐकायचो. पस्तीस वर्षं मी त्या साकवावरून ये-जा केली, पण पालखी कुठं वळते याचा कधी विचार केला नव्हता. २०१९ च्या लावणीला आमच्या खाचरात उतरल्या त्या तिथल्या दोन मावश्या. आईनं घाबरत विचारलं, तुम्हाला काही त्रास? त्यातली मोठी हसली. “आमाला कोन दंड लावनार? आमी कुठं गावात हाव?”

डिसेंबरमध्ये आजी गेली. मयत झालं, की आमच्याकडे प्रत्येक घरातून एक लाकूड येतं, न सांगता. सकाळी आठपासून आम्ही अंगणात बसलो होतो. एकही लाकूड आलं नाही. मेहुणे दुसऱ्या गावाहून टेम्पोत लाकडं घालून आले. खांद्याला मी, मेहुणे, मेहुण्यांचा एक मित्र आणि चौथा कोण? घराच्या मागच्या बाजूनं काका आले. बाबांचे चुलतभाऊ, सत्तरीचे, दोन्ही गुडघे गेलेले. आले, मडकं बाजूला सरकवलं, खांदा दिला आणि स्मशानापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. न बोलल्यामुळे दंड लागणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

दंड लागला.

आता मी हिशेबनीस आहे म्हणून सांगतो : आमची गावकी पैशाला चोख आहे. रुपयाची अफरातफर नाही. दंड घेतला की पावती. काकांनाही पावती मिळाली. ग्रामस्थ मंडळाचं छापील पावतीपुस्तक, वर गणपती, खाली खजिनदाराची सही. छापलेला मजकूर असा : ‘श्री. … यांजकडून रु. … अक्षरी … या कारणासाठी सधन्यवाद मिळाले.’ रकमेच्या जागी १,१००. कारणाच्या जागी निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात : ‘नियमभंग, मयतास गेल्याबद्दल.’

काकांच्या माजघरात छताच्या वाशाला एक वाकवलेली तार लटकते, तिला सगळ्या पावत्या टोचलेल्या असतात : वीजबिलं, खताची, सप्त्याची वर्गणी. तेराव्यानंतर मी रात्री त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी दिवा न लावता हातानंच चाचपून ती ओढून काढली. म्हणाले, “घेऊन जा. पण मी दिली म्हणू नको.” पावतीवर त्यांचंच नाव होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही पोलीस ठाण्यात अर्ज दिला. त्याआधी तालुक्यातल्या दोन वकिलांनी नकार दिला होता, आमच्या गावचे पक्षकार असल्यामुळे. अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, एका कार्यकर्त्यानं कायद्याची झेरॉक्स हातात ठेवली. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचं संरक्षण करणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा, विधिमंडळात एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढायचा. बहिष्काराच्या प्रकारांची लांबलचक यादी आहे त्यात : धार्मिक कार्याला मज्जाव, लग्न-मयतीला मज्जाव, व्यवहार तोडणं, बोलणं तोडायला लावणं. ती यादी वाचताना मी प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं टिक करत गेलो. आम्हाला लागू नव्हत्या अशा मोजक्याच निघाल्या.

ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, “हा कायदा जातपंचायतीचा आहे. तुमच्याकडे कुठं जातपंचायत? ही तर गावकी. आणि गावात मिटवा की, उद्या तुम्हालाच राहायचंय.” मी पुढच्या खेपेला व्याख्येचं पान घेऊन गेलो. कायद्यात जातपंचायतीची व्याख्या रुंद आहे : एखाद्या समाजातल्या लोकांनी बनवलेली मंडळी, नोंदणी असो वा नसो, तिला नाव काहीही असो. ‘नाव काहीही असो’ या शब्दांखाली मी रेघ मारली होती. साहेब म्हणाले, बघतो. त्या ‘बघतो’मध्ये नऊ महिने गेले. कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी म्हणून एक पद आहे. आमच्याकडे ते कोण, हे विचारत मी तीन कार्यालयांत फिरलो. तिसऱ्यानं मला पहिल्याकडे पाठवलं.

या खेपांच्या मधेच तो शिमगा आणि तो व्हिडिओ. मधेच लॉकडाऊन. टीव्हीवर सांगायला लागले, की एकमेकांपासून लांब राहा, कुणाच्या घरी जाऊ नका. आई फोनवर म्हणाली, “आपला सराव झालाय.” वर्षभरात ती पहिल्यांदा काहीतरी गमतीचं बोलली होती.

लॉकडाऊनमध्ये मला वाचायला वेळ मिळाला आणि गावाकडे बघायची तऱ्हा जरा बदलली. महाड आमच्यापासून फार लांब नाही. शाळेच्या सहलीत चवदार तळं बघितलं होतं, २० मार्च १९२७ ही तारीख परीक्षेला पाठ केली होती. पुढं गोलमेज परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली होती, ती त्या पाठ्यपुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. मागणी १९३० च्या आसपासची आणि कायदा २०१७ ला लागू. मधे १९४९ मध्ये मुंबई राज्यानं बहिष्कृतीविरुद्ध एक कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या खटल्यात रद्द ठरवला.

आणि चरी. अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप, १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांनी चालवलेला. खोताची जमीन कसायची नाही, असं गावांनी ठरवलं आणि सहा वर्षं कसली नाही, उपाशी राहिले. आमच्या आजोबांच्या तोंडी चरीच्या गोष्टी असायच्या. गाव एकदा बोललं की बोललं, असं ते म्हणायचे तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. अभिमानाचा. अशा ठरावात फुटणाऱ्याला गाव काय करत असेल, हे लहानपणी विचारायचं सुचलं नव्हतं. मला अजूनही चरीबद्दल अभिमान आहे. पण गावानं हात वर केले की त्या हातांचा आवाज कसा येतो, तो आता मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. मी डोंबिवलीत, फोन बंद. पाच दिवसांनी परवाना काढून पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. आमचे पडवीचे पत्रे शेजारच्या खाचरात, कौलं सगळीकडे. गावातली पोरं कोयते, करवती घेऊन घराघराच्या क्रमानं झाडं तोडत, छपरं शाकारत येत होती, जेवणं सामाईक, ओरडा, हसणं. एवढं सुंदर काम मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. आमच्या अलीकडचं घर झालं. मग त्यांनी शिडी उचलली, आमच्या अंगणातून, अगदी आमच्या अंगणातूनच, आणि पलीकडच्या घराला लावली.

त्या रात्री पाऊस लागला. आम्ही तिघं माजघराच्या एका कोपऱ्यात बसलो होतो. साधारण अकराला अंगणात धप्प आवाज झाला. बाहेर गेलो तर एक ताडपत्री. घडी केलेली, जवळजवळ नवी, सुतळीसकट. कुणी टाकली ते आजही माहीत नाही. त्या तेवीस जणांतला असेल, किंवा सकाळी शिडी उचलणाऱ्यांतला. सकाळी ताडपत्री आमच्या छपरावर सगळ्या गावाला दिसत होती आणि तिच्याबद्दल कुणालाही दंड झाला नाही. ओळखून दुर्लक्ष करण्याचं गावाचं कसब त्या एकदा आमच्या बाजूनं वापरलं गेलं.

ऑक्टोबरमध्ये गुन्हा नोंदला गेला. अलिबागला अधीक्षकांच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाचा उपयोग झाला असावा. जबाब घ्यायला बसलेल्या हवालदारांनी विचारलं, “लेखी काय आहे?” मी प्लास्टिकच्या पाकिटातून पावती काढली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, शेजारच्याला दाखवली. ‘सधन्यवाद’वर बोट ठेवून ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. व्हिडिओची प्रत पेनड्राइव्हवर दिली, सोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र माझ्या सहीनं. व्हिडिओ काढणाऱ्या पोराला मी मेल लिहिला होता. त्याचं उत्तर आलं, की मला यात ओढू नका. त्याला दोष देत नाही. तो चार दिवस माशाचं कालवण खायला आला होता.

नऊ जणांवर गुन्हा. जामीनपात्र, त्यामुळे सगळे संध्याकाळी घरी. आणि मग कायद्याची खरी मर्यादा दिसली. गुन्हा दाखल झाल्यावर गावात कुणीच ‘यांच्याशी बोलू नका’ म्हणेना. म्हणायला लागले, आम्ही कुठं बहिष्कार घातलाय? कुणाशी बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, बोलायची सक्ती आहे का? नाहीच आहे. बैठकीतला ठराव गुन्हा ठरतो. नंतर प्रत्येकानं आपापल्या मनानं तोंड फिरवलं तर त्याला कलम नाही. चक्कीवाला आता ‘लाइट नाय’ म्हणायचा नाही. डबा घ्यायचा, आणि तीन दिवस ठेवून द्यायचा.

आरोपपत्र २०२१ मध्ये दाखल झालं. कोर्टाच्या बाकावर एकदा माझा तो बाकावरचा मित्र माझ्या शेजारी बसला. दुसरीकडे जागा नव्हती. अडीच वर्षांत आम्ही पहिल्यांदाच इतके जवळ. मी त्याला विचारलं, पावतीवर कारण कशाला लिहिलंस? नुसतं ‘वर्गणी’ लिहिलं असतंस तर आज इथं नसतास. तो म्हणाला, “खोटा हिशेब लिवायचा नाय.” आणि थोड्या वेळानं, समोर बघतच : “तुज्या बापानं हात वर केलेला. मी खांबाच्या मागं हुतो. बघत हुतो.” मला उत्तर सुचलं नाही. शिपायानं पुकारा केला, पुढची तारीख पडली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मिटलं. पीडितांची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल, तर कायद्यात तडजोडीची सोय आहे. कार्यकर्ते नाराज झाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं : निकाल लागला असता तर इतर गावांना उपयोग झाला असता. पण तीन वर्षं त्या घरात मी राहत नव्हतो, आई राहत होती. ती म्हणाली, मला कुणाला जेलात नाही घालायचं, मला हळदीकुंकवाला जायचंय. तहसील कार्यालयात बसून लिहून झालं : ठराव रद्द, यापुढं असा ठराव करणार नाही, काकांचे अकराशे परत. खजिनदारानं काकांना पैसे मोजून दिले आणि व्हाउचरवर सही घेतली. ‘दंड परत.’

त्या वर्षीच्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. आईनं ओटी भरली. ढोल वाजवणाऱ्यानं, तोच जो त्या व्हिडिओत हात हळू करतो, जरा जास्तच वेळ वाजवलं. मला ग्रुपमध्ये परत घेतलं. आत ‘शुभ सकाळ’ चालू होतं, जणू मी फक्त फोन बदलला होता. बाबा पुढच्या ग्रामसभेला गेले आणि त्यांनी नळपाणी योजनेचा हिशेब मागितला. या खेपेला त्यांच्या मागं आणखी एक हात वर झाला, बौद्धवाडीतून. हिशेब अजून आलेला नाही.

चक्की गावात आहे, घरापासून पाच मिनिटांवर. चक्कीवाला आता आईला ‘काकी’ म्हणतो, डबा स्वतः उचलून घेतो. आई सोमवारी तांदळाचा डबा घेऊन एसटीनं तालुक्याला जाते, अकरा किलोमीटर, आणि दळण घेऊन दुपारच्या गाडीनं परत येते. मी विचारलं, तर म्हणाली, “तिकडं बारीक दळतात.”